जावयाच्या होडीला

रविवारी संध्याकाळी पाच वाजता नेहाला उत्तर द्यायचं होतं, आणि शनिवार उजाडला तरी तिच्याकडे उत्तर नव्हतं.

भाईंदर पूर्वेला गोडदेवच्या त्यांच्या सोसायटीत नऊ बायकांची भिशी होती. आधी ती चारचौघींसारखीच होती. महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांनी पैसे टाकायचे, जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिने ते न्यायचे, आणि कांदेपोहे खाऊन घरी जायचं. तीन वर्षांपूर्वी नेहाच्या डोक्यात किडा वळवळला. ती स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिस सांभाळायची. तिथला शेठ दिवसभर शेअरचे भाव बघत बसायचा, त्याचं बघून ही शिकली. आणि शेठपेक्षा चांगली शिकली, कारण शेठ नुसते आकडे बघायचा आणि ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचायची. निम्मे पैसे चिठ्ठीला आणि निम्मे शेअरला, असं तिने बाकीच्या आठजणींना पटवलं. कंपनीही तिनेच निवडली. ध्रुवांकुर टेक्नॉलॉजीज.

ही कंपनी मासेमारीच्या होड्यांसाठी एक पेटी बनवायची. किनारा मागे पडला की मोबाईलची रेंज जाते. तिथून पुढे ही पेटी उपग्रहाच्या मदतीने होडी कुठे आहे ते घरच्यांच्या फोनवर दाखवते, वादळाची खबर देते, आणि लाल बटण दाबलं की मदत मागते. कल्पना झकास होती. शेअर सरासरी दोनशे दहाला घेतला होता, तो आता एकशे अठरावर लोळत पडला होता. बाकीचा बाजार चढत होता, कारखान्याचा वॉचमनसुद्धा फायद्यात होता, आणि या नऊजणींचं घोडं मात्र गंगेत न्हायला तयार नव्हतं.

पहिला आवाज चांदणीने उठवला. चांदणी काशीगावची, एके काळच्या मिठागरवाल्या घरातली. जिभेला हाड नाही, पण रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर पहिली गाडी तिचीच निघायची.

"नेहा, गुस्सा नको करू, पण तीन साल झाले यार," ती जिन्यातच म्हणाली होती. "याचं सोनं घेतलं असतं तर आज अंगावर दिसलं असतं. संडेला फैसला करू. विकायचं तर विकून टाकू."

ते खरं होतं म्हणूनच नेहाला जास्त लागलं. आठजणींनी कंपनीवर विश्वास टाकलाच नव्हता. त्यांना कंपनीचं नाव धड उच्चारता येत नव्हतं. विश्वास टाकला होता तो नेहावर, आणि रविवारी तोच विकायला निघणार होता.

तिने अहवाल पुन्हा वाचले. कंपनीवर कर्ज नव्हतं. विक्रीही बरी होती. पण बहुतेक पेट्या एका सरकारी योजनेतून गेल्या होत्या. त्यांचे पैसे कोळ्यांनी दिलेच नव्हते, आणि ती योजना मार्चमध्ये संपणार होती. टीव्हीवरचे टाय लावलेले लोक त्यामुळेच "बाहेर पडा" म्हणत होते. म्हणजे सगळं येऊन एकाच प्रश्नावर थांबत होतं. योजना संपल्यावर एखादा कोळी पदरचे चौदा हजार टाकून ही पेटी घेईल का? घेत असेल तर शेअर ठेवायचा, नसेल तर मिळेल त्या भावात विकून मोकळं व्हायचं. हे काही अहवालात लिहिलेलं नव्हतं.

पण नेहाकडे एक हुकमाचं पान होतं, असं तिला वाटत होतं. शेअर घेण्याआधी ती स्वतः उत्तनला जाऊन आली होती. बारा होडीवाल्यांना तिने विचारलं होतं, पेटी कशी आहे, आणि बाराही जणांनी एक नंबर म्हणून सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी गेटवर पुष्पलताबाईंची पाटी उतरली. भिशीतली नववी बाई म्हणजे याच. राहायला उत्तनला, बुधवारी आणि शनिवारी मासळी घेऊन यायच्या, अशी बावीस वर्षं. एकुलती एक लेक, संचिता, तारोडीला दिलेली. पुष्पलताबाईंना फसवेल असा माणूस अजून जन्माला यायचा होता. बंदरावर लिलावात त्या मासळीची पाटी वरून बघायच्याच नाहीत. सरळ पालथी करायला लावायच्या आणि तळाचा मासा उचलून त्याचे कल्ले उघडायच्या. "वरची मासली दाखवायला आसते," त्या म्हणायच्या, "खालची खायाला." तेवीसशेची पाटी त्यांनी एकदा सतराशेला पाडली होती ती तळाच्या एका बोंबलावरून, हे नेहाने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

नेहाने त्यांना बारा होडीवाल्यांची गोष्ट सांगितली. पुष्पलताबाईंनी कोयता खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"कुठं इचारलंस? होडीवर उभं ऱ्हाऊन?"

"हो, म्हणजे पेटी दाखवा म्हटलं, मग विचारलं."

"पोरी, होडीवर लावलेल्या वस्तूला कोन वाईट बोलंल गं? नारली पुनवेला इंजिनला, जाल्याला, त्या पेटीला पन हलद-कुंकू लागतंय. किरिस्तांव लोकांच्या होडीवर फादर पानी शिंपडतंय. एकदा पूजा झाली की ती वस्तू होडीची झाली. तिला नाव ठेवलंस म्हंजे दर्यात इघनाला आवतान दिलंस. पेटी बंद पडून सडली तरी एक नंबरच बोलतील."

नेहाला दरदरून घाम फुटला. शितावरून भाताची परीक्षा केली म्हणून ती तीन वर्षं मिरवत होती, आणि बारा शितं तिने तोंडात न घालताच शिजली म्हणून सांगितलं होतं. नऊ बायकांचा पैसा बारा माणसांच्या शिष्टाचारावर उभा होता. तिला रडूच आलं असतं, पण गेटवर पापलेटासाठी रांग लागली होती.

"मग मावशी, खरं कळणार कसं?"

"उद्या सकालची बस धर. तू गप ऱ्हा. मी इचारीन."

रविवारी नेहा नवऱ्याला, रोहितला, डाळ-भाताचा कुकर दाखवून निघाली आणि साडेनऊला उत्तनला उतरली. बांबूंवर बोंबील वाळत होते. चर्चमधून सुटलेली माणसं इस्त्रीच्या शर्टात बंदराकडे येत होती. रविवार असल्यामुळे त्यांच्या होड्या किनाऱ्यालाच होत्या. पुष्पलताबाई एकाही होडीकडे गेल्या नाहीत. त्या जाळी ठेवायच्या शेडखाली जाऊन बसल्या, सगळ्यांच्या घरची चौकशी केली, कोणाच्या गुडघ्याला तेल सुचवलं, कोणाचं लग्न जमवून दिलं. पंचवीस मिनिटं गेली. आणि मग आमटीत मीठ टाकावं इतक्या सहज त्यांनी विचारलं:

"काय रे, तुज्या जावयाच्या होडीला घेशील का ती पेटी? योजनेतून न्हाय. तुज्या पैशान. चौदा हजार, आनि वरसाचे दीड हजार येगले."

वर्षाच्या दीड हजाराचं मावशींना कोणी सांगितलं, असं नेहाच्या मनात येऊन गेलं. पण तिचं लक्ष समोरच्या माणसाच्या तोंडाकडे होतं, कारण त्या तोंडावरचं हसू गेलं होतं. तो विचार करत होता. तीन वर्षांपूर्वी त्या बारांपैकी एकानेही विचार केला नव्हता.

प्रश्नच तसा होता. आपल्या होडीवरच्या पेटीला नाव ठेवायचं नव्हतं, म्हणजे दर्याची भीती नाही. आणि जावयाला द्यायची वस्तू म्हटली की माणूस खोटं बोलत नाही. देवापुढे एक वेळ नासका नारळ खपून जाईल. जावयाला दिलेली वस्तू बिघडली तर लेक जन्मभर ऐकून घेते. पुष्पलताबाईंनी सातवी-आठवीच्या पुढे शाळा पाहिली नव्हती. पण टीव्हीवरच्या कोणाला जे सुचलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात पकडलं होतं, आणि नेहा त्यांच्याकडे बघतच राहिली.

दुपारपर्यंत त्यांनी बाराजणांना विचारलं. सातजण घेऊ म्हणाले. त्यांतल्या दोघांनी तर घेतलीच होती, एकाने मुलाच्या होडीला, एकाने भावाच्या. चौघांनी नाही म्हटलं. बारावा म्हणाला, "माजा जावई रिक्षा चालवतंय, त्याला पेटी कशाला?" त्याला नेहाने यादीतून वगळलं.

चौघांच्या 'नाही'मध्ये एक 'नाही' पुष्पलताबाईंच्या सख्ख्या भावाचा होता. धर्मा. साठीचा गडी, चाळीस वर्षं दर्यावर, आणि रागीट.

"जावयाला? न्हाय," तो म्हणाला. "मी शत्रूला देईन."

"का रे?"

धर्माने इकडेतिकडे बघितलं, होडीपासून आणखी चार पावलं लांब सरकला आणि आवाज खाली आणून बोलायला लागला. पेटीचं सगळं चांगलं होतं, पण बॅटरीचं झाकण नीट बसत नव्हतं. फटीतून खारं पाणी आत जायचं आणि सहा महिन्यांत सगळं गंजायचं. त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी, कोपऱ्यात तिरका काप देऊन, झाकणाच्या कडेला बसवली, तेव्हापासून त्याची पेटी दोन वर्षं चालतेय. बाकीच्या तिघांनी ट्यूब बसवली नाही, त्यांच्या पेट्या मेल्या.

"मग कंपनीला कळवलंत का, मामा?" नेहाला गप्प राहवलं नाही.

"कलवायचं काय त्यात? आलती ना त्यांची पोरगी. इशिता का कोन. इंजिनेर. तीन दिस माज्या होडीवर होती. तिनी दिस ओकली. मी बोललो, उतर बाय, मरशील. न्हाय उतरली. झाकन उगडून बसायची, पानी कुठून येतंय बगायची. जाताना माज्या ट्यूबचा तुकडा कापून नेला, फोटू काडलं. वरीस झालं. गेली ती गेली."

धर्माला पेटी गंजल्याचा राग नव्हता. ट्यूबचा तुकडा नेऊन पोरगी परत आली नाही, याचा होता. नेहाचं मन खट्टू झालं. सात होते, पण ते चार जास्त जड होते, आणि चौघांचं कारण एकच होतं. संध्याकाळी हे सांगायचं म्हणजे स्वतःच्या हाताने कबर खणायची.

तिने पिशवी उचलली. पुष्पलताबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "बस्त्यावच्या पोराची नवी पेटी बगून जाव," त्या म्हणाल्या. बस्त्याव म्हणजे तो, ज्याने मुलाच्या होडीला पदरचे पैसे घालून पेटी घेतली होती. दिवाळीच्या आसपास घेतलेली, म्हणजे ताज्या बनावटीची. धर्मा नको नको म्हणत मागून आला.

बस्त्यावने झाकण उघडलं. नेहा वाकली. धर्मा वाकला. पुष्पलताबाई तेवढ्या वाकल्या नाहीत. त्या पलीकडे बघत पदराची गाठ घट्ट करत होत्या. दमल्या असतील, असं नेहाला वाटलं.

झाकणाच्या चारी कडांना काळ्या रबराची पट्टी बसवलेली होती. जाडी, कोपऱ्यात दिलेला तिरका काप, सगळं धर्माने सांगितलेल्या ट्यूबच्या पट्टीसारखं. फक्त ही कारखान्यातून आलेली होती.

धर्माने पट्टीवरून बोट फिरवलं. एकदा, मग उलट दिशेने एकदा. मग तो सरळ उभा राहिला आणि शेडमधल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आरं, माजी ट्यूब हाय ही!"

त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्यासाठी तो बस्त्याववर उगाच खेकसला, की इतके महिने मला दाखवली का नाही. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातली एक पोरगी तीन दिवस ओकत एका म्हाताऱ्याच्या होडीवर बसली, आणि त्याने सायकलच्या ट्यूबने जे केलं त्याला कंपनीने मान दिला. एकशे अठरा या आकड्यात यातलं काही दिसत नव्हतं.

"आता इचार त्याला," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"मामा, जावयाच्या होडीला घ्याल का?"

"ही? ही घेईन की," धर्मा म्हणाला. "पन आधी त्या पोरीला भेटायला बोलवा. चार लोकांत सांगूदे तिनं, कुनाची आयडिया ती."

पाच वाजता चांदणीच्या हॉलमध्ये नऊजणी जमल्या. नेहाने काहीही लपवलं नाही. तीन वर्षांपूर्वीची चूक आधी सांगितली, बारा जणांनी तोंडदेखलं बोलून आपल्याला कसं गुंडाळलं ते. तेव्हा दोघी हसल्या, पण मोकळ्या मनाने हसल्या. मग सात आणि चार, रिक्षावाला जावई, गंजलेली बॅटरी, ट्यूब, इशिता, सगळं सांगितलं. इतर तिघांनी नवी पेटी अजून बघितलेली नाही, तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आहे ते ठेवू या. नवे पैसे टाकायचे नाहीत. योजना मार्चमध्ये संपतेय. येत्या नारळी पौर्णिमेला पुन्हा जाऊन मोजू, पदरच्या पैशाने किती होड्यांना लागली. वाढल्या नसतील तर मी स्वतः विकते. भाव वर जाईल असं वचन मी देऊ शकत नाही."

चांदणी पुढे सरकली. ती नेहाकडे नाही, पुष्पलताबाईंकडे बघत होती.

"मावशी, सॉरी हां, पण एक बात विचारते. तुम्ही सगळ्यांना विचारत फिरलात. तुमचा जावई, साईराज, तो पण दर्यात जातो ना? तुम्ही घ्याल का त्याच्या होडीला? तुमच्या पैशाने?"

नेहाला चांदणीचा राग आला आणि त्याच क्षणी तिला कळलं की हाच तो तळाचा मासा. सगळ्या पुष्पलताबाईंकडे बघत होत्या. बाईंनी पोह्याची बशी खाली ठेवली.

"घेतलीय," त्या म्हणाल्या.

"क्या?"

"नवरात्रात. नवी निगाली तवाच. मासली इकून इकून."

नेहाला वर्षाचे दीड हजार आठवले. झाकण उघडलं तेव्हा पलीकडे बघणारी मावशींची मान आठवली. काळी पट्टी त्यांना बघायची गरजच नव्हती.

"मावशी, मग कालच का नाही सांगितलंत? एवढी फिरवलीत मला उन्हात!"

"सांगितलं आसतं तर तुमी समद्यांनी माज्या तोंडाकडं बगून हात वर केलं आसतं," पुष्पलताबाई म्हणाल्या. "मागल्या येली नेहाच्या तोंडाकडं बगून केलंत तसं. मी लेकीच्या मायेपायी घेतली. दोन वरसांमागं त्याचं इंजिन बंद पडलं, एक रात आनि एक दिस आमाला ठावच न्हवतं तो हाय का न्हाय. तवा कुनी ताईत इकला आसता तर तो पन घेतला आसता मी. माजी माया ही काय कंपनीची किंमत न्हाय. पाटी दुसऱ्याच्या हातान पालथी झाली पायजे."

पुष्पलताबाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, त्यावर अंगठ्याने दोनदा ठोकलं आणि चांदणीपुढे धरला. निळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका होता.

"साईराज," त्या म्हणाल्या. "काल राती गेलाय. हितं हाय आता."

फोन हातोहात फिरला. प्रत्येकीने ठिपक्याकडे बघितलं आणि पुढे दिला. फिरून तो चांदणीकडे आला तेव्हा तिने लवकर सोडला नाही. तिने पडदा डोळ्यांजवळ नेला.

"अगं, हा हलतोय," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "घराकडे येतोय."

मग तिने फोन मावशींच्या हातात दिला आणि त्याच हाताने, कोणी विचारायच्या आधी, ठेवायच्या बाजूने हात वर केला. "पण नारळी पौर्णिमेला उत्तनला मी जाणार विचारायला," ती म्हणाली. "नेहाला कोणी खरं सांगत नाही."

नेहा हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. बाकीचे सात हात वर गेले होते. पुष्पलताबाईंनी हात वर केला नव्हता. त्या अजून ठिपक्याकडेच बघत होत्या.